रक्तातून काय जाते, काय परत येते?

आमच्या परिचयाच्या एक शिक्षिका सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. गेल्या पावसाळ्यात त्यांचा दूरध्वनी आला. आवाज जरा घाबराच होता. त्यांचा मुलगा अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. घरभाडे वाढले, हातखर्चाला पैसे पुरेनात, म्हणून तो वसतिगृहाजवळच्या एका केंद्रावर आठवड्यातून दोनदा जाऊन 'प्लाझ्मा' देऊ लागला होता. महिन्याला चारशे डॉलरच्या आसपास मिळतात, असे त्याने बोलता बोलता सांगितले. "सर, मी दरवर्षी नववीच्या वर्गाला रक्तदान हे श्रेष्ठ दान म्हणून सांगते, आणि माझाच मुलगा तिकडे रक्त विकतोय. त्याला काही होणार तर नाही ना? आणि हे कायद्यात तरी बसते का?"

प्रश्न दोन होते आणि दोन्ही रास्त होते. त्या वेळी आम्ही त्यांना दूरध्वनीवर जे सांगितले ते घाईचे होते. नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा लक्षात आले की या प्रश्नात शाळेतले बरेचसे जीवशास्त्र, थोडे भौतिकशास्त्र आणि चक्रवाढ व्याजासारखा एक हिशेबही दडलेला आहे. म्हणून तो सगळा येथे मांडत आहोत.

रक्त आणि रक्तद्रव

ताजे रक्त गोठू न देता एका उभ्या नळीत ठेवले, की काही तासांनी तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर फिकट पिवळसर द्रव उरतो. हाच रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा. रक्ताच्या एकूण घनफळात त्याचा वाटा ५५ टक्क्यांच्या आसपास असतो. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. क्षार, साखर, संप्रेरके ही थोडी थोडी. आणि प्रथिने एका लिटरला साधारण ७० ग्रॅम. या ७० ग्रॅमांमध्येच सगळी किंमत आहे. त्यांतील ४० ग्रॅमांच्या आसपास अल्ब्युमिन असते. ते रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवते. साधारण १० ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन-जी असते. याला आपण सोयीसाठी आयजीजी म्हणू. ही आपली प्रतिपिंडे. गोवरापासून धनुर्वातापर्यंत आजवर ज्या ज्या रोगांशी किंवा लसींशी शरीराची गाठ पडली, त्यांची नोंदवहीच म्हणा ना. रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन दोन ते चार ग्रॅम असते. आणि ज्याच्या अभावी हिमोफिलिया होतो तो गोठणघटक क्रमांक आठ, तो तर एका लिटरमध्ये मिलिग्रॅमच्या काही दशांश भागांइतकाच असतो. एका रुग्णाला पुरेसा घटक मिळवायला किती माणसांचा रक्तद्रव लागत असेल याची कल्पना यावरून यावी.

ही प्रथिने एकमेकांपासून वेगळी करण्याची रीत हार्वर्ड विद्यापीठातील एडविन कोन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बसवली. थंड रक्तद्रवात अल्कोहोल घालायचे, आम्लता आणि तापमान ठरावीक ठेवायचे, म्हणजे एकेक प्रथिन आपापल्या पाळीने साका होऊन खाली बसते. पाचव्या टप्प्यावर अल्ब्युमिन मिळते. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा भाजलेल्या सैनिकांना हे अल्ब्युमिन देण्यात आले होते. आजही कारखान्यांतील मूळ पद्धत बरीचशी हीच आहे. फक्त कढया हजारो लिटरच्या झाल्या आहेत आणि एका कढईत हजारो माणसांचा रक्तद्रव एकत्र होतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

खुर्चीवरचा तास

२०११ च्या सुमारास आम्ही अमेरिकेतील एका विद्यापीठात संशोधन करत असताना खोलीतल्या एका सहकाऱ्याबरोबर अशा केंद्रावर गेलो होतो. देण्यासाठी नव्हे, सोबत म्हणून. जागा एखाद्या मोठ्या केशकर्तनालयासारखी दिसत होती. रांगेने आडव्या होणाऱ्या खुर्च्या, प्रत्येकीशेजारी कमरेएवढे यंत्र, समोर दूरदर्शन संच. बसलेल्यांपैकी निम्मे विद्यार्थी वाटत होते. उरलेल्यांत कोणी रात्रपाळी करून आलेले, कोणी लहान मुलांच्या आया.

आधी वजन केले. ११० पौंडांपेक्षा, म्हणजे ५० किलोपेक्षा कमी वजनाच्या माणसाला परत पाठवतात. मग नाडी, रक्तदाब, ताप. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावरून तांबड्या पेशींचे प्रमाण पाहिले आणि उरलेल्या द्रवाचा थेंब अपवर्तनांकमापकावर ठेवला. आपण प्रयोगशाळेत साखरेच्या द्रावणासाठी वापरतो तसलेच ते उपकरण. प्रथिने जितकी जास्त तितका प्रकाशकिरण जास्त वळतो. एका डेसिलिटरला सहा ग्रॅम प्रथिने भरली, म्हणजे लिटरला ६० ग्रॅम, की माणूस पास. ही तपासणी दर खेपेला होते.

त्यानंतर कोपराच्या खळगीत एक सुई. नेहमीच्या इंजेक्शनपेक्षा बरीच जाड असते. वारंवार जाणाऱ्यांच्या हातावर तिथे कायमचा वण पडतो. सुईतून रक्त यंत्रात येते, वाटेतच त्यात सोडियम सायट्रेट मिसळते, म्हणजे ते गोठत नाही. यंत्रातील वाटी गरगर फिरते. दुधातून साय काढण्याच्या यंत्राचे तत्त्व येथेही आहे: जड पेशी बाहेरच्या कडेला जातात, हलका रक्तद्रव आत राहतो आणि नळीने बाटलीत उतरतो. वाटी पेशींनी भरली की पंप उलटा फिरतो आणि पेशी त्याच सुईतून, त्याच माणसाच्या अंगात परत जातात. असे काही फेरे होतात. शेवटी बहुधा थोडे सलाईन देतात. सारे तासाभरात आटोपते. पहिल्या खेपेला मात्र वैद्यकीय तपासणीमुळे दोन तास सहज जातात.

आमच्या सहकाऱ्याच्या ओठांना मध्येच मुंग्या येऊ लागल्या. तो घाबरला, आम्हीही. कारण मात्र सोपे होते. सायट्रेट रक्तातील कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळेच तर रक्त गोठत नाही. पेशी परत जाताना थोडे सायट्रेट अंगात जाते आणि तिथले मोकळे कॅल्शियमही कमी करते. मज्जातंतू उगाच चाळवतात. तिथल्या परिचारिकेने यंत्राचा वेग कमी केला आणि कॅल्शियमच्या गोळ्या चघळायला दिल्या. दहा मिनिटांत बरे वाटले.

पेशी परत देण्याची ही कल्पना जुनी आहे. जॉन जेकब एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१४ मध्ये कुत्र्यांवर हा प्रयोग केला आणि त्याला 'प्लाझ्माफेरेसिस' हे नाव दिले. माणसांकडून असा रक्तद्रव नियमितपणे घेण्याची रीत स्पेनमधील ग्रिफोल्स यांनी १९५१ मध्ये जगापुढे मांडली. आपल्याकडे सर्पदंशावर जे इंजेक्शन देतात (लोक त्याला लस म्हणतात, खरे तर ते प्रतिविष असते), ते घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनते. पिंपरीला हाफकिनचे असे घोडे आहेत. घोड्याचे रक्त काढून रक्तद्रव ठेवून घ्यायचा आणि पेशी त्यालाच परत द्यायच्या, ही रीत प्रतिविषाच्या उत्पादनातही वापरतात.

आता बाईंचा पहिला प्रश्न

रक्तदानात माणूस अंदाजे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह देऊन बसतो आणि ते भरून यायला आठवडे लागतात. म्हणून भारतात पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनीच पुन्हा रक्तदान करता येते. रक्तद्रव देताना पेशी परत मिळतात, लोह जवळजवळ जात नाही. तेव्हा 'रक्त कमी होईल' ही आईची भीती पुष्कळशी अनाठायी आहे. पण मग दुसरे काय जाते?

मुलाचे वजन ६० किलो. अमेरिकेत बराच काळ वापरात असलेल्या ढोबळ तक्त्याप्रमाणे अशा माणसाकडून एका वेळी ६२५ मिलिलिटर रक्तद्रव घेता येतो. (जास्त वजनाच्या माणसांकडून ७५० किंवा ८००. २०२० नंतर आलेली काही यंत्रे उंची आणि रक्ताचा दाटपणाही हिशेबात धरून ही मात्रा ठरवतात.) साठ किलोच्या माणसाच्या अंगात एकूण रक्तद्रव किती? सुमारे अडीच लिटर. म्हणजे एका बैठकीत एक-चतुर्थांश रक्तद्रव निघून जातो! रक्तदानात आपण एकूण रक्ताचा दहावा हिस्सा देतो, त्याच्याशी हे ताडून पाहावे.

या ६२५ मिलिलिटरमधील पाणी आणि क्षार यांची काळजी नको. भरपूर पाणी प्यायले की एक-दोन दिवसांत भरपाई होते. प्रथिने गेली ती सुमारे ४४ ग्रॅम. सात अंड्यांत असतात तेवढी. डाळीच्या हिशेबात २०० ग्रॅम कोरडी तूरडाळ. मुलगा शाकाहारी, आणि पैसे वाचवायला दोन वेळ नूडल्स खाणारा. आईच्या जिवाला खरा घोर लागावा तो इथे. यांतील अल्ब्युमिन २५ ग्रॅम. यकृत रोज दहा-पंधरा ग्रॅम अल्ब्युमिन तयार करते; खाणे नीट असेल तर तेही दोन-तीन दिवसांत भरून येते.

राहिले आयजीजी. येथे थोडे थांबू, कारण सगळा लेख लिहायला आम्ही यासाठीच बसलो आहोत.

आयजीजीचे अर्धायुष्य सुमारे तीन आठवडे असते. म्हणजे आज अंगात जेवढे आहे त्यातले निम्मे २१ दिवसांनी मोडून गेलेले असते आणि तितकेच नवे बनलेले असते. किरणोत्सर्गाच्या धड्यात शिकवतो तेच सूत्र येथे लावले तर रोजची घट ०.६९३ भागिले २१, म्हणजे ३.३ टक्के येते. निरोगी माणसात पातळी स्थिर असते, त्याअर्थी रोजची निर्मितीही ३.३ टक्केच असली पाहिजे. ही निर्मिती फारशी वाढवता येत नाही. शरीराला संसर्ग झाला तर गोष्ट वेगळी, पण बाटली भरली म्हणून प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी जादा पाळी करत नाहीत.

आता अंगातील एकूण आयजीजीपैकी अंदाजे निम्मेच रक्तवाहिन्यांत असते, बाकीचे ऊतींच्या द्रवात. एक-चतुर्थांश रक्तद्रव गेला तर एकूण साठ्यापैकी आठवा हिस्सा, म्हणजे साधारण १२ टक्के गेले. पुढच्या काही दिवसांत ऊतींतले आयजीजी रक्तात येऊन रक्तातील पातळी सावरते, पण एकूण साठा घटलेलाच असतो.

नववी-दहावीच्या मुलांकडून हा हिशेब वर्गात करून घेता येईल. सुरुवातीचा साठा १०० धरा. दर खेपेला आहे त्यातून १२ टक्के वजा करा. मग पुढच्या खेपेपर्यंत प्रत्येक दिवसाला ३.३ मिळवा आणि त्या दिवशी असलेल्या साठ्याचे ३.३ टक्के वजा करा. आठवड्यातून दोनदा, म्हणजे साडेतीन दिवसांनी एकदा, असे धरले तर दुसऱ्या खेपेच्या आधी साठा ८९ असतो, तिसरीच्या आधी ८१, मग ७४, ६९, ६५... महिनाभरात ५८ च्या आसपास आणि पुढे हळूहळू ५० वर येऊन थांबतो. आठवड्यातून एकदा दिले तर तो ६८ वर थांबतो. पंधरवड्यातून एकदा दिले तर ८३ वर. आलेख काढलात तर मुलांना आणखी एक गोष्ट दिसेल: घसरण सर्वांत जोराची होते ती पहिल्या महिन्यात. आणि केंद्रे नव्या दात्याला सर्वांत मोठा जादा मोबदला देतात तोही पहिल्याच महिन्यात, ठरावीक खेपा पुऱ्या केल्या तर. हा योगायोग नव्हे, व्यापार आहे. एकदा सवय लागली की माणूस टिकतो. पण शरीराच्या बाजूने पाहता हा मुहूर्त काही चांगला नाही.

हा हिशेब ढोबळ आहे हे सांगितले पाहिजे. शरीरात आयजीजीला मोडतोडीपासून वाचवून परत रक्तात सोडणारी एक ग्राहक-यंत्रणा असते. साठा कमी झाला की ती मोठ्या प्रमाणात आयजीजी वाचवते, त्यामुळे अर्धायुष्य लांबते. म्हणून प्रत्यक्षातील घट आमच्या ५० च्या आकड्याइतकी खोल सहसा नसते. मात्र वारंवार देणाऱ्यांत आयजीजी कमी असते हे तपासण्यांत दिसलेले आहे, आणि किती कमी हे माणसागणिक बदलते. बहुतेक तरुण माणसे हे सहजी निभावून नेतात. ज्याची पातळी मुळात खालच्या टोकाला आहे त्याने मात्र जपावे. वर्षानुवर्षे याच गतीने देणाऱ्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारे अभ्यास मोजकेच आहेत.

दर खेपेला प्रथिने तपासतातच, मग घट कळणार नाही का, असे कोणी विचारील. हिशेब करून पाहा. समजा आयजीजी १० वरून ५ ग्रॅमवर आले, चक्क निम्मे झाले. एकूण प्रथिने ७० वरून ६५ होतील. अपवर्तनांकमापकाला हवेत ६०. माणूस पास! ढिगातला मोठा वाटा अल्ब्युमिनचा असल्याने लहान वाट्याची घसरण त्याच्याआड दडते. ती दिसते विद्युतसंचलनाच्या चाचणीत, ज्यात प्रथिनांचे पट्टे वेगवेगळे पडतात. अमेरिकेतील नियमाप्रमाणे ही चाचणी चार महिन्यांतून एकदा होते. चार महिन्यांत आपला विद्यार्थी तीस-पस्तीस वेळा खुर्चीवर बसून आलेला असतो.

किती वेळा द्यावे याबद्दल जगात एकमत नाही. अमेरिकेत सात दिवसांत दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. वर्षाला १०४ पर्यंत जाते. जर्मनीत वर्षाला ६०. युरोपीय परिषदेची शिफारस ३३. ब्रिटनमध्ये पंधरा दिवसांतून एकदा. शरीर तर सगळीकडे एकच आहे. आमच्या मते आकड्यांमधला हा फरक जीवशास्त्रापेक्षा रक्तद्रवाच्या गरजेने अधिक ठरला आहे.

रक्त विकता येत नाही, मग रक्तद्रव कसा?

बाईंचा दुसरा प्रश्न कायद्याचा होता. आपल्याकडचे वयस्क शिक्षक सांगतील की पूर्वी मोठ्या रुग्णालयांच्या आसपास 'व्यावसायिक रक्तदाते' असत. सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर १९९६ मध्ये दिलेल्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून भारतात पैसे देऊन रक्त घेणे बंद झाले. कारण साधे होते. ज्याला आज पैशांची निकड आहे, तो आपली कावीळ किंवा आपले वागणे दडवील. ब्रिटनचे समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये हाच मुद्दा पुस्तकरूपाने मांडला होता. अमेरिकेत रक्ताच्या पिशवीवर दाता स्वेच्छेचा की पैसे घेणारा हे छापणे १९७८ पासून सक्तीचे आहे. त्यामुळे तिथे रक्तपेढ्यांत पैसे घेऊन दिलेले रक्त जवळजवळ दिसेनासे झाले. रक्तद्रवाला मात्र ही सक्ती लागू केली नाही. तिथे आजही मोबदला चालतो. तेव्हा मुलगा तिथल्या कायद्याबाहेर काही करत नाही. हे पैसे उत्पन्न म्हणून करपात्र असतात एवढे त्याने ध्यानात ठेवावे, आणि परदेशी विद्यार्थ्याने व्हिसाच्या अटींबाबत विद्यापीठाच्या कार्यालयात आधी विचारलेले बरे.

हा भेदभाव केवळ व्यापाऱ्यांच्या सोयीचा नाही, त्यामागे रसायनशास्त्रही आहे. पण ते हाती यायला भयंकर किंमत मोजावी लागली. १९८० च्या आसपास हिमोफिलियाच्या रुग्णांना हजारो दात्यांच्या एकत्रित रक्तद्रवातून काढलेला गोठणघटक देत असत. हजारांत एक दाता बाधित असला तरी सगळी कढई बाधित. अमेरिकेतील हिमोफिलियाच्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना त्यातून एचआयव्हीची लागण झाली. ब्रिटनमध्ये अशाच प्रकाराच्या चौकशीचा अहवाल यायला मे २०२४ उजाडला.

यावर उपाय सापडला तो पाहिला तर साबणाचा भाऊ निघतो. १९८५ पासून रक्तद्रवाच्या औषधांवर द्रावक आणि अपमार्जक यांची प्रक्रिया होऊ लागली. एचआयव्ही आणि कावीळ 'ब' व 'क' यांच्या विषाणूंना मेदाचे वेष्टन असते. अपमार्जक ते विरघळवून टाकतो आणि विषाणू निकामी होतो. २०२० मध्ये आपण वीस-वीस सेकंद हात धूत होतो, तेच तत्त्व. ज्यांना वेष्टन नाही अशा विषाणूंसाठी उष्णता आणि अतिसूक्ष्म गाळण्या वापरतात. प्रथिनांचे रेणू यातून टिकतात. तांबड्या पेशीचे आवरण मात्र स्वतःच मेदाचे. अपमार्जकाने विषाणूबरोबर पेशीही फुटेल. म्हणून रक्त आजही तपासण्या आणि दात्याचा खरेपणा यांवरच विसंबून असते, तर रक्तद्रवाला आणखी एक कुंपण आहे. शिवाय रक्तद्रव गोठवून ठेवता येतो. नव्या दात्याची पहिली बाटली एकटी वापरत नाहीत. सहा महिन्यांच्या आत तो दुसऱ्यांदा आला आणि दोन्ही वेळच्या तपासण्या निर्दोष निघाल्या, तरच ती पुढे जाते.

पैसा आणि घाई एकत्र आल्यावर काय होते याचे एक उदाहरण चीनमधील हनान प्रांताचे आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या गरीब शेतकऱ्यांकडून पैसे देऊन रक्तद्रव घेण्याचा मोठा धंदा चालला. शेतकऱ्याला अशक्तपणा येऊ नये म्हणून पेशी परत देत, पण त्या त्याच्या एकट्याच्या नसत. एकाच गटाच्या अनेकांचे रक्त एकत्र फिरवून उरलेल्या पेशी सगळ्यांना वाटून देत. एका बाधित माणसाकडून विषाणू गावेच्या गावे गेला. डॉक्टर गाओ याओजिए यांनी म्हातारपणी गावोगाव हिंडून हे उघडकीस आणले. पुढे त्यांना देश सोडावा लागला आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे निधन झाले. मघाशी आम्ही 'त्याच सुईतून, त्याच माणसाच्या अंगात' असे लिहिले ते उगाच नव्हते. आजच्या यंत्रात प्रत्येकासाठी नळ्या, वाटी आणि सुई यांचा नवा बंद संच असतो आणि तो नंतर फेकून देतात.

ही बाटली कोणाकडे जाते?

बाईंनी शेवटी हेच विचारले होते. जगात औषधांसाठी गोळा होणाऱ्या रक्तद्रवापैकी दोन-तृतीयांशाच्या आसपास एकट्या अमेरिकेतून येतो. तिथे हजारावर केंद्रे आहेत. विनामूल्य दानाचा आग्रह धरणारे कितीतरी देश अमेरिकेतील विकत घेतलेल्या रक्तद्रवाची औषधे आणतात. ब्रिटनने तर गाईंच्या मेंदूरोगाच्या भीतीने १९९८ पासून दोन दशकांहून अधिक काळ स्वतःच्या लोकांचा रक्तद्रव या कामी वापरलाच नाही. आपल्याकडे रक्तपेढ्यांत घटक वेगळे केल्यावर उरलेला रक्तद्रव औषधनिर्मितीसाठी देतात, तरी बाहेरून आलेले अल्ब्युमिन आणि इम्युनोग्लोब्युलिन आपल्या रुग्णालयांतही वापरले जाते. बाटली भरल्यापासून औषध तयार होईपर्यंत सात महिने ते वर्ष लागते. जन्मतःच प्रतिपिंडे बनवू न शकणाऱ्या एका रुग्णाला वर्षभर पुरेल एवढ्या औषधासाठी, या उद्योगाच्याच आकड्यांप्रमाणे, सुमारे १३० बाटल्या लागतात. हिमोफिलियाच्या रुग्णासाठी, रक्तद्रवातून काढलेलाच घटक वापरायचा तर, १२००.

पैसे घेतले म्हणजे त्या औषधाचे मोल कमी होत नाही. आणि पैसे न घेता देणारेही आहेत. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांच्या रक्तद्रवात आर-एच विसंगतीपासून गर्भाला वाचवणारे दुर्मिळ प्रतिपिंड होते. २०१८ साली ८१ व्या वर्षी नियमाने थांबावे लागेपर्यंत त्यांनी ११७३ वेळा दान केले, एक पैसा न घेता. २०२५ मध्ये ते वारले. त्यांचे दान सहा दशकांवर पसरलेले होते, सरासरी काढली तर वर्षाला अठरा-एकोणीस खेपा पडतात. आमच्या हिशेबात पंधरवड्याच्या रकान्याहून थोडे कमीच.

हा सगळा हिशेब आम्ही त्या मुलाला लिहून पाठवला. 'देऊ नकोस' असे लिहिले नाही, कारण त्याचे घरभाडे आम्ही भरणार नव्हतो. पंधरा दिवसांतून एकदा जा. आधी पोटभर जेव, डाळ-अंडी वाढव (अंडे खायला तो तयार झाला). परीक्षेच्या आणि तापा-खोकल्याच्या दिवसांत जाऊ नकोस. आणि चार महिन्यांच्या चाचणीत आयजीजीच्या पट्ट्याचा आकडा किती आला ते केंद्राकडून मागून घे, एवढे लिहिले. त्याने कळवले की पहिल्या महिन्याचा जादा मोबदला सोडवला नाही, आठ खेपा झाल्याच, पण आता पंधरवड्यावर आला आहे. पुढच्या सत्रापासून त्याला विभागात शिकवणीचे काम मिळाले आहे. चाचणीचा आकडा अजून यायचा आहे. बाई दर रविवारी त्याबद्दल विचारतात, आणि यंदा नववीला रक्ताभिसरण शिकवताना त्यांनी साडेतीन दिवसांचा तो हिशेब फळ्यावर मांडला. पन्नासवर आकडा अडल्यावर एका मुलीने विचारले, "बाई, मग ज्याला औषध देतात त्याच्या अंगातूनही ते तीन आठवड्यांत निम्मे होणार ना?" होणार. म्हणूनच त्या रुग्णाला दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा बाटली लावावी लागते.